वावर देल्लं, पण…

पंढरपूरच्या रखुमाईनं हक्कसोडपत्र करून दिल्याची नोंद आजवर कुठं सापडलेली नाही. आम्हा तिवसेकरांना याची चौकशी ठेवावी लागते, कारण तिचं माहेर आमच्याच तालुक्यात आहे. वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर म्हणजे भीष्मक राजाची राजधानी. पाच भाऊ आणि सहावी ही एकटी बहीण. अंबिकेच्या देवळातून कृष्णानं तिला रथात घेतलं आणि माहेरच्या वावराचा प्रश्न तिथंच राहिला. आता दर आषाढीला कौंडण्यपूरहून पालखी निघते, पायी पायी पंढरपूर गाठते आणि रखुमाईला माहेरची साडी-चोळी पोचती करते. अख्ख्या विदर्भाचा सहावा हिस्सा एका बाजूला आणि सालाची एक साडी दुसऱ्या बाजूला. वऱ्हाडातल्या भावांना हा व्यवहार फार पूर्वीपासून आदर्श वाटत आला आहे, त्यात त्यांचा तरी काय दोष!

हा आदर्श प्रत्यक्ष पाहायचा असेल तर वैशाखात, पेरण्यांच्या आधी, कुठल्याही तालुक्याच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर तासभर बसावं. भाऊ बहिणीला तिच्या गावाहून गाडी करून आणतो. एरवी एसटीनं ये म्हणणारा माणूस त्या दिवशी गाडी करतो. आल्याबरोबर चहा, आलुबोंडा, वर थंड पाण्याची बाटली. वहिनी सोबत असतेच आणि तिच्या हातातल्या पिशवीवर साडीच्या दुकानाचं नाव असतं. दस्तलेखक चष्मा कपाळावर सरकवून विचारतो, "बाई, राजीखुशीनं सोडता ना? कोनाचा दबाव नाही ना?" बाई म्हणते, "हाव जी. भाऊ हाय तं माहेर हाय. मले वावर काय डोक्यावर घेऊन जा लागते?"

मग यंत्रावर अंगठा. तो उमटत नाही. निंदण-खुरपण करून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र लाल दिवा लावतं, कारकून म्हणतो, "पुसा, पुसा." बाई पदरानं अंगठा पुसते, पुन्हा टेकवते. पुन्हा लाल. शेवटी दुसरं बोट चालतं. ज्या वावरात त्या रेषा गेल्या, तेच वावर सोडायला त्या लागतात, हे तिथं कुणाच्या लक्षात येत नाही. पुढचा नंबर उभा असतो. कॅमेऱ्यासमोर फोटो निघतो, साक्षीदार ओळख पटवतात आणि काम झालं म्हणून सगळे उठतात. तेव्हा ती बाई भावाला हळूच म्हणते, "देल्लं बाप्पा सारं. पण दिवायीले न्याले येजो. अन् तुरीच्या शेंगा धाडत जाजो, पोरायले लय आवडतात."

हे शेंगांचं कलम दस्तात कुठंच येत नाही. पण मला विचाराल तर सगळा दस्त त्या एका कलमावर उभा असतो.

कायद्यानं बहिणींना वारस करून ठेवलेलं आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीचा हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली दिल्लीच्या कायद्यानं तीही अट काढली. रखुमाईचं लग्न १९९४ च्या बरंच आधीचं. आता मात्र तिलाही अर्ज करायला हरकत नसावी. तिचा थोरला भाऊ रुक्मी तर असा तापट की बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे कौंडण्यपुरात, पाऊल ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा करून निघाला. कृष्णाकडून हरला, शब्दाला जागून घरी परतला नाही आणि त्यानं भोजकट नावाचं नवंच नगर वसवलं. भोजकट म्हणजे आपली आजची भातकुली, असं अभ्यासक मानतात. थोडक्यात, बहिणीपायी घर सोडून दुसरीकडे वस्ती करणारा वऱ्हाडातला पहिला भाऊ तोच. त्यानंतरचे भाऊ हुशार झाले. घर सोडण्यापेक्षा साडी स्वस्त पडते.

हे भोजकट पुढं एका खऱ्याखुऱ्या दस्तात भेटतं. अचलपूरजवळ चम्मक नावाचं गाव आहे. १८६८ च्या सुमारास तिथं शेत नांगरताना नांगराला तांब्याचे पत्रे लागले. एकूण सात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा तो दानलेख, पाचव्या शतकातला. राज्याच्या अठराव्या वर्षी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला लिहिलेला. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव, राजमापानं आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दिलं, असा मजकूर. गावच्या नावातला चर्मांक झिजून चम्मक झाला, पण गाव पंधराशे वर्षं जागचं हललेलं नाही. आपल्याकडे एवढी टिकाऊ गोष्ट एक तर नदीचं पात्र असतं नाही तर भाऊबंदकी.

या दस्तातली पहिली गंमत म्हणजे लाभार्थी हजार आणि नावं जेमतेम एकोणपन्नास. बाकीचे नऊशे एक्कावन्न वगैरेत गेले. ज्यानं सामाईक खात्याचा सात-बारा पाहिला आहे, त्याला याचं नवल वाटणार नाही. तिथंही वर चार नावं ठळक असतात आणि खाली इतकी दाटी, की आपलं नाव शोधायला चष्मा आणि चुलतभाऊ दोघंही सोबत लागतात.

दुसरी गंमत सवलतींची. राजानं लिहून दिलंय की या गावात सैनिक आणि छत्रधारी शिरणार नाहीत. गावानं गाई-बैल पुरवायचे नाहीत, फुलं नि दूध द्यायचं नाही. गवत, बसायला कातडी आणि कोळसा द्यायचा नाही. वेठबिगार नाही. मीठ काढण्यावरची बंधनं नाहीत. जमिनीत पुरलेलं धन निघालं तर तेही गावाचं. ही यादी वाचली की त्या काळच्या बाकीच्या गावांचं काय चाललं असेल ते आपोआप कळतं. साहेब दौऱ्यावर आले की गावानं बैल द्यायचे, दूध द्यायचं, बसायला कातडं अंथरायचं, थंडी असेल तर शेगडीला कोळसा. चर्मांकच्या लोकांना मोठं दान मिळालं ते जमिनीचं नव्हे, साहेबांच्या बडदास्तीतून सुटकेचं, असं मला तरी वाटतं. हे कलम आजही कुणी दिलं तर वऱ्हाडातली निम्मी गावं तांब्याचा पत्रा स्वखर्चानं आणून देतील.

आणि मग येतो राजाचा 'पण'. हे गाव चंद्र-सूर्य असेपर्यंत तुमचं, पण तुम्ही राज्याशी द्रोह करता कामा नये. ब्रह्महत्या, चोरी, व्यभिचार, राजाला विष घालणं यात सापडता कामा नये. लढाया करायच्या नाहीत, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. यातलं काही केलंत आणि राजानं जमीन परत घेतली, तर ती चोरी समजली जाणार नाही. म्हणजे एका हातानं चंद्र-सूर्याच्या साक्षीनं द्यायचं आणि दुसऱ्या हातात दोरी धरून ठेवायची. हजार ब्राह्मणांना एकदम राजद्रोहाची तंबी का द्यावी लागली, हा इतिहासकारांचा विषय. गावच्या माणसाला एवढं बरोबर कळतं की हजार माणसं एका खात्यावर आली की राजाला आधी भांडणच दिसणार.

शेवटी शापवाणी. भूमी देणारा साठ हजार वर्षं स्वर्गात सुखानं राहतो, हिरावून घेणारा तेवढीच वर्षं नरकात, असे व्यासांच्या नावानं चालत आलेले श्लोक अशा ताम्रपटांत असतात. हल्लीच्या खरेदीखतात त्यांच्या जागी 'वाद निर्माण झाल्यास लिहून देणार यांनी स्वखर्चाने निवारण करून द्यावे' असं वाक्य असतं. माझं मत जुन्याच्या बाजूनं आहे. नरकाची मुदत ठरलेली होती. दिवाणी दाव्याची नसते.

या घराण्यातली मला सगळ्यात जास्त आवडणारी व्यक्ती म्हणजे प्रवरसेनाची आई, प्रभावतीगुप्ता. तिचा एक ताम्रपट आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला सापडला. तेच रिद्धपूर, महानुभावांची काशी. गोविंदप्रभूंचं गाव, जिथं तेराव्या शतकात म्हाइंभटानं लीळाचरित्राचं काम केलं. प्रभावती ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान. मग तिनं स्वतःच राज्य चालवलं. तिच्या लेखांत वंशावळ येते ती माहेरच्या गुप्तांची, आणि गोत्रही माहेरचंच, धारण. सासरचं राज्य, सासरची जमीन, पण कागदावर नाव बापाचं. आज एखादीनं तलाठी कार्यालयात जाऊन असा आग्रह धरला तर पटवारीसाहेब आधी पाणी मागतील. (आमच्याकडे तलाठ्याचं कागदावरचं नाव काहीही असो, तोंडावर पटवारीच.) आणि ही बाई जमीन देते आहे, तिला कुणी हक्कसोड करायला गाडी करून आणलेलं नाही. पुढं पंधराएकशे वर्षांनी शेतकरी संघटनेनं बायकोच्या नावे शेत करून देण्याची 'लक्ष्मीमुक्ती' मोहीम काढली, १९९२ साली सरकारनंही त्याला साथ दिली, तेव्हा गावोगाव पुरुषांची समजूत घालता घालता कार्यकर्त्यांचे घसे बसले. त्यांनी रिद्धपूरचा पत्रा दाखवायला हवा होता.

त्या रिद्धपूरच्या दानात शेताबरोबर एक घर आणि कुणब्यांच्या चार झोपड्याही आहेत. वाचताना इथं जरा अडखळायला होतं. झोपड्या दिल्या म्हणजे आतली माणसंही दिली का? लेख सांगत नाही, आणि त्या चौघांना कुणी विचारलं असेल असंही वाटत नाही. मध्ययुगीन इंग्लंडात हे उघड चाले. तिथल्या सनदांमध्ये जमीन विकताना अमुक कुळ, त्याच्या पोराबाळांसकट, असं सरळ लिहिलेलं असे. दानाचं पुण्य सगळ्यांना वाटून जातं म्हणतात. झोपडीपर्यंत त्यातलं किती पोचलं याचा ताम्रपट कुणी काढलेला नाही.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तिथल्या खेड्यांचे जुने जमिनीचे कागद वाचताना मला आमच्या कचेरीबाहेरच्या बाकावरच बसल्यासारखं वाटतं. तिथं जमीन विकायची तर गावच्या जमीनदाराच्या कोर्टात जायचं. विकणाऱ्यानं कारभाऱ्याच्या हातात काठी द्यायची, आणि कारभाऱ्यानं ती घेणाऱ्याच्या हातात द्यायची. काठी गेली की जमीन गेली. मग कारकून कोर्टाच्या गुंडाळीवर नोंद करायचा आणि कुळाला तिची नक्कल मिळायची. ही नक्कल हाच त्याचा सात-बारा. पद्धत जुनी म्हणून लगेच मोडीत निघाली असं नाही. असल्या नकलेवरच्या जमिनी तिथं १९२२ च्या कायद्यानंच संपल्या. स्वतंत्र माणसाची जमीन असेल तर वावरात उभं राहून मातीचं ढेकूळ किंवा झाडाची फांदी हातात द्यायची, शेजाऱ्यांसमोर. लेखी कागद असो नसो, ढेकूळ हवंच. लेखाचा आग्रह कायद्यानं धरला तो १६७७ साली.

मोबदल्याचे आकडे तर बघण्यासारखे. खंड म्हणून मिडसमरला, म्हणजे २४ जूनला, एक गुलाबाचं फूल. कुठं मिऱ्याचा एक दाणा. कुठं हातमोज्यांची जोडी. लंडनमध्ये एका सरदाराच्या बायकोनं परवानगी न घेता रस्त्यावरून दोन घरांना जोडणारा पूल बांधला. १३८१ साली तडजोड झाली की दंड म्हणून वर्षाला एक लाल गुलाब द्यायचा. तो गुलाब आजही दर जूनमध्ये लंडनच्या महापौराला समारंभानं दिला जातो. अतिक्रमण नियमित करण्याचा इतका सुगंधी मार्ग आपल्या महसूल खात्याला अजून सुचलेला नाही. पण गुलाब म्हणजे काही किंमत नव्हे, ती आठवण आहे. जमीन तुझ्याकडे असली तरी मूळ मालक मी, हे वर्षातून एकदा कबूल करून घ्यायचं साधन. आमच्याकडची साडी-चोळी तेच काम करते, फक्त उलट्या दिशेनं.

सगळ्यात ओळखीचे वाटतात ते म्हाताऱ्यांचे करार. बाप थकला, वावर पोराच्या नावे करायचं ठरलं, की कोर्टाच्या गुंडाळीवर अटी यायच्या: बापाला घरात एक खोली, चुलीजवळ बसायला जागा, वर्षाला इतकं धान्य, अंगावर कपडा, जळणाला लाकूड. पोरानं पाळलं नाही तर जमीन परत बापाकडे. चुलीजवळची जागा लेखी मागावी लागली, यातच सुनेचा स्वभाव नोंदवला गेला आहे. आपल्याकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ नेमकं हेच सांगतं. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि पोरानं सांभाळलं नाही, तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. दाद उपविभागीय अधिकाऱ्याकडे मागायची. अट मात्र दस्तात लिहिलेली असली तर बरं. आमचे म्हातारे अट लिहीत नाहीत. 'पोटच्या पोराले का लिवून घ्याचं बावा?' असं म्हणून अंगठा देतात आणि मग पारावर येऊन ती अट सगळ्या गावाला तोंडी सांगतात. गाव साक्षीदार आहे, पण गावाला समन्स निघत नाही.

देवस्थानाला जमीन दिली की तिथंही गोची. इंग्लंडातले लोक आत्म्याला शांती मिळावी, पाद्र्यांनी प्रार्थना करावी म्हणून मठाला जमीन द्यायचे. कुळ मेलं की त्याचं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदारानं न्यायचं, अशी तिथली चाल. पण मठ मरत नाही. मठाकडे गेलेल्या जमिनीवरून बैल ओढून न्यायचा दिवस कधी उजाडेचना. अखेर १२७९ साली राजाला कायदा करून अशा देणग्या रोखाव्या लागल्या. मृत्यूवर महसूल बसवला की अमरत्व हा गुन्हा होतो.

असो. जमिनीच्या कागदावर इतकं लिहिलं, पण वऱ्हाडात जमिनीचा खरा ग्रंथ धुऱ्यावर लिहिला जातो. दोन वावरांमधला जो उंचवटा, तो धुरा. खरेदीखतात चतुःसीमा असतात: पूर्वेस अमक्याचं वावर, पश्चिमेस नाला, उत्तरेस पांदण, दक्षिणेस तमका. कागदावर हे चारी भाऊ गुण्यागोविंदानं नांदतात. वखर चालतो तेव्हा एक तास धुऱ्यात जातं. पुढच्या साली अजून एक. दहा सालात धुरा हातभर सरकतो आणि शेजारी म्हणतो, "भाऊ, धुरा तुह्याकून चालत आला का माह्याकून?" मोजणीचा अर्ज होतो. मोजणीवाले येतात, यंत्र लावतात, खुणा करतात, जातात. त्या खुणांचे दगड रात्री फिरायला निघतात. इंग्लंडातल्या गावांनी यावर भयंकर उपाय काढला होता. वसंतात सारा गाव शिवेवरून फिरायचा आणि जागोजागी पोरांना शिवेच्या दगडावर आपटायचं नाही तर छडी द्यायची, म्हणजे म्हातारपणी साक्ष देताना त्यांना शीव बरोबर आठवेल. आमच्याकडे पोरांना धुऱ्यावर आपटायची गरज पडली नाही. मोठी माणसंच एकमेकांना आपटतात, आणि शिवेवरचा शेंदूर लावलेला म्हसोबा दोन्ही बाजूंचा नैवेद्य घेऊन गप्प राहतो.

सरकारनं २०२३ साली 'सलोखा' नावाची योजना काढली. माझ्या नावची जमीन तू वाहतोस, तुझ्या नावची मी, आणि असं बारा वर्षं चाललंय, तर अदलाबदल करून टाका. मुद्रांक हजार रुपये, नोंदणी फी हजार रुपये. योजना चांगली आहे. नाव त्याहून चांगलं. पण बारा वर्षांचं भांडण दोन हजारांत मिटवायचं म्हटलं की माणसाला कुठं तरी अपमान वाटतो. एका गृहस्थानं मला बिडी विझवत सांगितलं, "वकिलाले आजलोक अडीच लाख देल्ले. आता दोन हजारात सलोखा केला तं ते अडीच लाख कोनच्या खात्यात टाकू?"

आणि धुऱ्याचं कशाला सांगता, अख्खं वऱ्हाडच एकदा कागदावर सरकलेलं आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. कशासाठी, तर हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागवायला. आधी ते गहाणवटीसारखं होतं. पुढं १९०२ साली व्हाइसरॉय कर्झननं करार करून घेतला आणि सालाला पंचवीस लाख रुपये खंडानं वऱ्हाड कायमचं पट्ट्यावर गेलं. म्हणजे मुलूखभर शेतकरी मक्त्यानं, बटईनं वावरं वाहत होते आणि त्यांना सरकारच मक्तेदार भेटलं. वऱ्हाडाला सोन्याची कुऱ्हाड म्हणतात ती ही. दांडा कुणाचा, पातं कुणाचं, ते कागदावर बघायचं.

निजामाचा 'पण' असा की सार्वभौमत्व आमचंच. पट्टा दिला, पण मालक आम्ही. विसाव्या शतकात निजामानं वऱ्हाड परत मागून पाहिलं. १९२६ साली व्हाइसरॉय रेडिंगनं खरमरीत पत्र पाठवून ते नाकारलं. मग १९३६ च्या करारात निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवी मिळाली. वऱ्हाड नाही, वऱ्हाडचं नाव. गुलाबाच्या फुलाची ही राजेशाही आवृत्ती म्हणायची. सिंदी तेव्हाही तिवस्याच्या नाल्यातच उगवत होती आणि तिला आपला प्रिन्स कोण हे माहीत नव्हतं.

जमीन देण्याच्या बाबतीत या भागानं एक मोठा प्रयोग मात्र पाहिला. प्रवरसेनाचा चम्मकचा ताम्रपट निघाला तो प्रवरपुराहून, आणि प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं अभ्यासक वा. वि. मिराशींचं मत. त्याच पवनारच्या धाम नदीकाठी विनोबा राहायला आले. आश्रमाची जमीन खणताना त्यांना जुनी शिल्पं सापडली, त्यात राम-भरताच्या भेटीचं एक. राज्य घे म्हणणारा भाऊ आणि नको म्हणणारा भाऊ. महसूल खात्याच्या दृष्टीनं अत्यंत संशयास्पद देखावा. तिथूनच विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये पायी निघाले आणि १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकर जमीन मिळाली. भूदान सुरू झालं. पुढं गावोगाव लोकांनी दानपत्रं भरली. त्यातली काही वावरं अव्वल होती. बरीच अशी होती की दान देणाऱ्यानंही ती आधी नीट पाहिली नसावीत; मुरमाड, नाल्यातली, किंवा ज्यांचा दावा आधीच कोर्टात होता अशी. पोटखराबाचं पुण्य पुरतं एकरी मिळतं, हा समज तेव्हा जोरात होता. आणि सरकारचा 'पण' इथंही आलाच. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. १९५३ च्या तिथल्या भूदान कायद्यानं जमीन भूमिहीनाला मिळाली, वारसाहक्कानं पोराला जाईल, पण विकता येणार नाही. पाचव्या शतकातला राजा असो की विसाव्या शतकातलं सरकार, पवनारच्या परिसरातून निघालेलं दान दोरीशिवाय निघत नाही.

मी या दोरीला वाईट म्हणत नाही. दोरी नसलेली देणगी फक्त परक्याला देता येते. आपल्या माणसाला दिलं की त्याच्याकडे जायला-यायला काहीतरी निमित्त लागतंच, मग ते धान्य असो, गुलाब असो नाही तर तुरीच्या शेंगा. म्हणूनच सात-बाऱ्यावर मला डावीकडच्या मालकांच्या रकान्यापेक्षा उजवीकडचा 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना वाचायला आवडतो. मालकाचं नाव एका ओळीत संपतं. इतर अधिकारात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला चार आणे हिस्सा असतो, कुणाचा तरी जाण्या-येण्याचा रस्ता असतो, एखाद्या बहिणीचं नाव अजून कमी व्हायचं राहिलेलं असतं.

आमच्याकडच्या एका म्हाताऱ्यानं तीन पोरांत वावराची वाटणी केली. मोजून, फेरफार घेऊन, नमुना नऊच्या नोटिसा निघून, मंडळ अधिकाऱ्याच्या सहीसकट. सगळं दिलं; फक्त धुऱ्यावरचा आंबा स्वतःच्या नावे ठेवला. आंबा आला धाकट्याच्या हिश्शात. म्हातारा रोज सकाळी काठी घेऊन तिथं जातो, खाटेवर बसतो आणि तिन्ही वावरांतल्या वखरणीला नावं ठेवतो. यंदा धाकट्यानं तक्रार आणली की आंब्याच्या सावलीत चार तास पराटी वाढतच नाही, त्याची भरपाई कोण देईल? म्हातारा म्हणाला, "आंब्याची सावली सकायी मोठ्याच्या वावरात पडते, संध्याकायी तुह्या. निम्मे पैसे त्याले माग." मोठा म्हणतो, सकाळच्या सावलीत त्याचं काहीच पेरलेलं नाही. मधला आता मोजणीचा अर्ज घेऊन तालुक्याला गेला आहे. त्याला सावलीच मिळत नाही, म्हणून.